तीनशेंतला एकशे एक्केचाळिसावा

मी एक दीपस्तंभ बोलतोय. दचकू नका, लखनौला समुद्र आलेला नाही. मी वीतभर उंचीचा आहे, प्लास्टरचा आहे, आणि अलीगंजमधल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या खिडकीत माझा मुक्काम असतो.

चित्राला मी असा भेटेन असं वाटलं नव्हतं. इंग्लंडमधलं शिक्षण संपवून चार वर्षांनी ती घरी परतली, तेव्हा तिच्या मनात मी बाबांच्या काचेच्या कपाटात होतो. माझ्या निळ्या खोक्यात, मऊ कापसाच्या गादीवर, कोणाचं बोटही न लागलेला. तळावरचा आकडा जसाच्या तसा. शेजारी घडी घातलेलं प्रमाणपत्र.

प्रत्यक्षात ती जिना चढून थेट गच्चीवर आली, कारण बाबा गच्चीवर आहेत असं आईनं सांगितलं होतं. दिवाळी चार दिवसांवर होती. गच्चीच्या कोपऱ्यात चिखलाचा एक किल्ला होता, भोवती जुन्या परातीतलं पाणी, तटांवर मोहरीचे कोवळे कोंब. आणि सगळ्यात उंच बुरुजावर, गुडघाभर चिखलात रुतलेला, मी. माझ्या बुडातून एक लाल आणि एक काळी वायर निघून एका बॅटरीकडे गेली होती.

"ये, ये," नरहर म्हणाले. हेच तिचे बाबा. औषधांवर संशोधन करणाऱ्या संस्थेत त्यांची सारी नोकरी गेली. आत्ता त्यांचे हात कोपरापर्यंत चिखलानं माखले होते आणि चेहरा शाळकरी मुलासारखा दिसत होता. "यंदा जलदुर्ग केलाय. तुझा दीपस्तंभ शोभतो की नाही?"

चित्रानं खांद्यावरची बॅगसुद्धा उतरवली नाही. तिनं मला उपटलं, उलटं केलं आणि तळ पाहिला. जिथे आकडा होता तिथे भोक होतं.

तिचा हात मला आधीपासून ओळखीचा होता. याच हातानं मला दुकानाच्या फळीवरून उचललं होतं. तो प्रसंग सांगायचा तर मला माझ्या जन्माकडे जावं लागेल.

माझा जन्म इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या एका लहानशा कारखान्यात झाला. साच्यात पातळ प्लास्टर ओतत, ते वाळलं की बायका रांगेत बसून आम्हाला रंगवत. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, पायाशी खडक, डोक्यावरच्या दिव्याच्या खोलीला पिवळा ठिपका. त्या पिवळ्या ठिपक्यालाच सगळे उजेड म्हणत. खिडकीतून खरा समुद्र ऐकू यायचा, पण मला दिसला कधीच नाही. माझी फळी भिंतीकडे तोंड करून होती.

त्या कारखान्यात जन्मतःच नशीब ठरायचं. माझ्या शेजारचा बुटका दीपस्तंभ पाच हजारांतला एक. त्याच्याकडे कोणी फार पाहायचं नाही, म्हणून तो बिचारा सुखात लोकांच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी जाऊन बसायचा. वरच्या फळीवरचा उंच, पन्नासांतला एक. असे बहुतेक सरळ बँकेच्या लॉकरमध्ये जात. मी मधला, तीनशेंतला. तीनशे झाल्यावर माझा साचा सगळ्यांसमोर फोडला. माणसांची ही रीत मला तेव्हापासून कोड्यात टाकते. वस्तू किती सुंदर आहे यापेक्षा ती दुसऱ्या किती जणांकडे नाही, यावर तिचं मोल ठरतं.

माझ्या तळाला एका चष्मेवाल्या बाईनं बारीक ब्रशानं लिहिलं, १४१/३००. ती माझी जात, गोत्र, कुंडली, सगळं काही.

चित्रा तेव्हा नवीनच तिकडे आली होती. शिष्यवृत्तीतून वाचवलेले पैसे मुठीत धरून ती दुकानात खूप वेळ उभी होती. लहानपणापासून तिनं बाबांकडून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली होती. दापोलीकडच्या त्यांच्या गावी रात्री दीपस्तंभाचा झोत अंगणावरून फिरायचा, आणि भाऊबंद होडीतून सुखरूप येईपर्यंत घरातलं कोणी जेवायचं नाही. मला पाहून तिला ते अंगण आठवलं. दुकानदारानं मात्र दुसरंच सांगितलं. तीनशेच आहेत, साचा फोडलाय, खोकं आणि कागद सांभाळलेत तर किंमत चढतच जाणार. चित्राच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकदमच शिरल्या आणि त्यातली कुठली मोठी हे तिनं ठरवलंच नाही.

लखनौला निघालेल्या एका प्राध्यापकांबरोबर तिनं मला पाठवलं. सोबत फक्त एक निरोप होता: दिवाळीपर्यंत पोचेल, जपून ठेवा.

आता मला सांगा, मराठी घरात दिवाळीला आलेली अशी वस्तू कुठे जाणार? गल्लीत पोरीबाळी घरौंदे, म्हणजे मातीची चिमुकली घरं, मांडत आणि नरहर एकटेच गच्चीवर किल्ला करत. शेजारच्या चंद्रप्रभा आंटी दर वर्षी भिंतीपलीकडून म्हणत, "डॉक्टर साहब, आपका घरौंदा बहुत ऊबड़-खाबड़ है." नरहर दर वर्षी त्यांना समजावत की हा घरौंदा नाही, किल्ला आहे, आणि आंटी दर वर्षी मान डोलावून पुढच्या वर्षी तेच म्हणत. माझं खोकं उघडलं त्याच दिवशी मी किल्ल्यावर चढलो.

पण न पेटणारा दीपस्तंभ नरहरना सहन होईना. त्यांनी मला उलटं केलं. तळावर तिरप्या रेघेनं जोडलेले दोन आकडे दिसले. आयुष्यभर औषधांच्या बाटल्यांवर असेच आकडे वाचलेला तो माणूस. त्यांनी मनाशी म्हटलं, बॅच नंबर. आणि बरोबर त्याच्या मधोमध भोक पाडलं.

मला दुखलं का? दुखलं. पण त्यांनी माझं डोकं करवतीनं कापून तिथे इंजेक्शनची एक काचेची कुपी उलटी बसवली, आत टॉर्चचा बल्ब, खाली जुन्या स्कूटरच्या इंडिकेटरचा फ्लॅशर, आणि कळ दाबली. टिक, टिक, टिक. माझ्यातून खरा उजेड बाहेर पडला आणि समोरच्या भिंतीवर जाऊन आला. पिवळ्या ठिपक्याच्या पोटात एवढं काही असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. तीनशे भावंडांत पेटलेला मी एकटाच असणार.

दिवाळी संपली, किल्ला विरघळला, मी खिडकीत आलो. रोज दिवेलागणीला नरहर कळ दाबत. वीज गेली की तर साऱ्या गल्लीत मी एकटाच. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सरोजिनी नगरहून उशिरा परतणारे स्कूटरवाले माझ्याकडे बघून वळण घेत. गल्लीत माझं नाव पडलं, 'डॉक्टर साहब का मीनार'. खोकंही वाया गेलं नाही. आईनं, म्हणजे वसुधाताईंनी, त्यातल्या कापसाच्या गादीवर चकलीच्या सोऱ्याच्या चकत्या ठेवल्या. नेमक्या बसल्या म्हणून त्यांना फार आनंद झाला होता. प्रमाणपत्र गॅसच्या कागदांत गेलं.

तर आता पुन्हा गच्चीवर. चित्रा मला हातात धरून उभी होती.

"बाबा, इथला नंबर कुठाय?"

"अच्छा, तो बॅच नंबर?"

चित्रा खाली बसली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चौक नावाच्या जुन्या मोहल्ल्यात चिकनकारी करणाऱ्या मुलींसाठी तिला शाळा काढायची होती. ज्या मुली दिवसभर दुसऱ्यांच्या कुर्त्यांवर फुलं काढतात, त्यांना स्वतःचं नाव वाचता आलं पाहिजे, स्वतःचा हिशेब कळला पाहिजे, याचा तिनं ध्यास घेतला होता. तिकडच्या चांगल्या नोकरीला नाही म्हणून ती आली होती. दोन खोल्या बघून ठेवायला तिनं धाकट्या बहिणीला, प्रतिमाला, आधीच कळवलं होतं. आणि त्या खोल्यांची आगाऊ रक्कम मी देणार होतो. इंग्लंडमधला एक दंतवैद्य दीपस्तंभ जमवायचा. त्याच्याकडे एकशे चाळीस आणि एकशे बेचाळीस हे दोन्ही होते, मधला दात पडल्यासारखी जागा मोकळी होती. माझ्यासाठी तो मूळ किमतीच्या कित्येक पट मोजायला तयार होता. अट एकच: खोकं, कागद, आकडा, आणि अंगाला कुठेही दुरुस्ती नको.

"खोकं आहे की," प्रतिमाबरोबर मागोमाग वर आलेल्या वसुधाताई पटकन म्हणाल्या. "चकत्या काढून देते."

प्रतिमाला हसू आवरेना. "ताई, यार, तू भी ना. बाबांच्या हातात दिलेली कुठली चीज़ उघडल्याशिवाय राहिलीय? माझा ट्रान्झिस्टर आठवतो?"

चित्रा हसली नाही. "मी हा तुमच्याकडे ठेवायला दिला होता, बाबा."

नरहरनी हातावरचा सुकत आलेला चिखल अंगठ्यानं खरवडला. "मला वाटलं, मला दिलास."

वसुधाताईंनी मला खाली आणून पुन्हा खिडकीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चित्रा आणि प्रतिमा चौकात जाऊन आल्या. जेवताना प्रतिमानं सगळं सांगितलं. खोल्या छान, हवेशीर. पण घरमालकाला महिन्याभरात पैसे हवेत, नाहीतर तो अत्तरवाल्याला देणार. सकीना बाजी नावाची एक कारागीर त्यांच्याबरोबर आली होती, तिच्याच शेजारपाजारच्या मुली शाळेत येणार होत्या. ती म्हणाली, खोल्या कशाला, बिटिया, मेरा आँगन दोपहर तक खाली पड़ा रहता है. पण ताईला फळ्यासकट, बाकांसकट, पाटीसकट शाळा हवी होती. अंगणात शाळा म्हणजे उपकार केल्यासारखं होतं, तिला ते नको होतं. त्या मुलींनी दारावर पाटी असलेल्या शाळेत जावं असं तिचं म्हणणं होतं.

जेवण झाल्यावर नरहरनी मला खिडकीतून उचललं आणि टेबलावर नेलं. एका डब्यातून त्यांनी माझं कापलेलं डोकं काढलं. टाकून द्यायची सवय त्यांना नव्हतीच. बल्ब निघाला, वायरी निघाल्या, कुपी निघाली. भोकात प्लास्टर भरलं, डोकं चिकटवलं, सांध्यावर रंग चढवला. मोहरीच्या मुळांचे धागे दात घासायच्या ब्रशनं खडकांतून काढले. मग चित्राकडून दुकानाचं जुनं माहितीपत्रक मागून घेतलं, त्यातल्या फोटोत आकड्यांचं वळण बघितलं, आणि भिंग लावून दुसऱ्या दुपारी माझ्या तळावर लिहिलं, १४१/३००. चष्मेवाल्या बाईनंही फसावं असं.

"बघ," ते म्हणाले. "कोणाला कळणार नाही."

चित्रानं मला उजेडात धरून फिरवलं. खरंच कळत नव्हतं. तिनं मला निळ्या खोक्यात ठेवलं. अंगणाचे उपकार न घेणारी ती मुलगी, पण त्या दिवशी तिनं मान खाली घालून खोक्याला दोरी बांधली. मी तिला दोष देत नाही. चाळीस मुलींची नावं तिच्या डोळ्यांपुढे होती.

खोक्यात चकलीच्या भाजणीचा वास होता. माझ्या बाकीच्या भावंडांचं आयुष्य असंच, काळोखात, किंमत वाढायची वाट बघत चाललं असेल. मला आजवर समुद्राची ओढ होती. कारखान्याच्या खिडकीतून ऐकलेला तो आवाज मला कधी सोडून गेला नव्हता. पण त्या खोक्यात मला समुद्र आठवला नाही. मला पश्चिमेची खिडकी आठवली. दिवेलागणीची ती वेळ आणि कळ दाबणारं ते खरखरीत बोट आठवलं. माझ्या पोटात भरलेलं प्लास्टर अजून ओलं होतं आणि फार थंड होतं.

त्या संध्याकाळी वीज गेली. मला पावलं ऐकू आली. नरहर नेहमीसारखे खिडकीशी गेले. कळेवर बोट गेलं असणार, कारण नुसतीच 'टक' झाली. मग काहीच नाही. ते तिथून हललेही नाहीत.

पलीकडच्या गच्चीवरून चंद्रप्रभा आंटींनी विचारलं, "डॉक्टर साहब, आज मीनार नहीं जला?"

"बल्ब फ्यूज हो गया, भाभीजी," नरहर म्हणाले.

मी त्यांच्या घरात चार वर्षं राहिलो. त्यांना खोटं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आणि चित्रानंही ऐकलं, ती टेबलापाशीच बसली होती.

थोड्या वेळानं वसुधाताई मेणबत्ती घेऊन आल्या आणि हळू आवाजात बोलू लागल्या. "मी यांना चिडवायची. समुद्र नाही, गलबत नाही, कोणासाठी रोज लावता? तर म्हणायचे, एक माणूस बाहेर आहे अजून."

खिडकीपाशी उभे असलेले नरहर म्हणाले, अगदी साध्या आवाजात, जणू हिशेब जुळवून दाखवावा तसं, "तिला कशाला सांगतेस ते? आता आली ना ती. आता लावायची गरज नाही. ने बेटा, खुशाल विक."

वाचकहो, एक सांगू का? तुमच्या कपाटातही असे कोणी असतील. खोक्यात, कापसात, जपून ठेवलेले. तुम्ही म्हणाल, वापरलं तर किंमत जाईल. जाते, हे मी माझ्या पोटातल्या भोकावर हात ठेवून सांगतो. पण आमच्यापैकी एकानंही कधी बाजारभावाचं स्वप्न पाहिलेलं नाही. दिव्याच्या आकाराचं काही घडवलंत, तर त्याला एकदा तरी पेटू द्या. एवढीच मागणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरहर दूध आणायला गेले होते. चित्रानं खोकं टेबलावर घेतलं, दोरी सोडली, मला बाहेर काढलं आणि बाबांच्या हत्यारांच्या पेटीतून पेचकस घेतला. तो सुंदर आकडा तिनं एकवार पाहिला. मग त्यावर टोक ठेवून तिनं दाबलं. प्लास्टर अजून कच्चं होतं, लगेच ढासळलं. एकशे एक्केचाळीस टेबलावर आणि तिच्या मांडीवर पांढरा चुरा होऊन पडला. डोक्याचा सांधा उकलणं तिला जमेना, तो तिनं बाबांसाठी तसाच ठेवला.

आवाजानं प्रतिमा उठून आली आणि दारातच थबकली. "ताई, पागल हो गई क्या? और खोल्या?"

"अत्तरवाल्याला मिळू देत," चित्रा म्हणाली. "दंतवैद्याला कळवते, एकशे एक्केचाळीस विकायला नाही. आणि तू चल माझ्याबरोबर. सकीना बाजींना विचारायचंय, अंगण अजून रिकामं आहे का."

"और तेरी पाटी?"

"पाटी नंतर."

जिन्यावर नरहरची पावलं वाजली. ते दुधाची पिशवी घेऊन आत आले आणि टेबलावरचा चुरा, पेचकस, आणि पुन्हा भोक पडलेला मी, असं सगळं बघून जागीच उभे राहिले. चित्रानं ओढणी झटकली, झोळी खांद्याला लावली आणि मला उचलून त्यांच्या रिकाम्या हातात ठेवलं.

"मला चौकातून यायला अंधार पडेल, बाबा," ती म्हणाली. "रोजच पडेल. दिवा लावून ठेवा."